हॉटेलाची जाहिरात : ढगफुटी नको, ठिबक हवे



या सदरात आपण नेहमी पेरणी, फवारणी, खत आणि जनावरांविषयी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण तो शेताच्या बांधाला लागूनच आहे. संभाजीनगरहून पैठणकडे जाताना बिडकीनच्या अलीकडे-पलीकडे पाहा. रस्त्याकडेला पत्र्याची नवी शेड उभी राहत आहेत. बाहेर 'चुलीवरचे गावरान जेवण' असा फलक, अंगणात दोन बाजा, कोपऱ्यात रांजण. आत पाहावे तर शेतकऱ्याचेच घर राबत असते. मुलगा गल्ल्यावर, सून भाकरीला आणि म्हातारे वडील पाणी भरायला.

याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रासाठी ७,८५५ एकर जमीन लागली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्या क्षेत्राचे लोकार्पण झाले. त्याआधी ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने राज्य शासनाशी मोटारींच्या कारखान्याचा करार केला. ज्यांची जमीन गेली त्यांच्या हाती मोबदला आला. ज्यांची राहिली त्यांच्या दारावरून आता कामगार, इंजिनिअर आणि मालमोटारी जाऊ लागल्या. मग घरातला तरुण म्हणतो, "बाबा, हॉटेल टाकू. एक रील फिरली की गर्दीच गर्दी."

तरुणाचे म्हणणे अगदी खोटे नाही. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असे आपले वाडवडील म्हणतच आले. पण मोबदल्याचा पैसा हा काही ऊस नव्हे, की एकदा तोडला तर खोडवा पुन्हा फुटेल. तो एकदाच येतो. म्हणून तो हॉटेलात घालण्यापूर्वी मोबाईलवरची जाहिरात काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे नीट समजून घेऊ.

तीन उदाहरणे

पहिले उदाहरण आपल्याच मराठवाड्यातले. धाराशिव जिल्ह्यात हॉटेल भाग्यश्री नावाचे मटणाचे हॉटेल आहे. त्याचे मालक नागेश मडके यांच्या रील २०२५ साली महाराष्ट्रभर फिरल्या. 'यावंच लागतंय' हे त्यांचे शब्द पोराटोरांच्या तोंडी बसले. त्यात भाड्याने आणलेला नट नव्हता की शहरी भाषा नव्हती. मालक स्वतः मोबाईलसमोर उभे राहून आपल्या बोलीत आपल्या ढवारा मटणाविषयी बोलत होते. एक चेहरा, एक पदार्थ आणि आपली बोली, एवढ्यावर काम झाले. त्यांची नक्कल करून उद्या दहा जणांनी तेच शब्द म्हटले तर कोणी ऐकणार नाही. नक्कल करायचीच असेल तर शब्दांची करू नका, रीतीची करा.

दुसरे उदाहरण अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासार गावचे. तिथल्या सुमन धामणे या शाळेत न गेलेल्या आजी. २०२० साली नातवाने त्यांचा स्वयंपाक मोबाईलवर टिपून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. 'आपली आजी' या नावाने लाखो लोक त्यांच्या पाककृती पाहू लागले. साध्या कारल्याच्या भाजीने त्यांना घरोघरी पोहोचवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोणा भामट्याने त्यांचे यूट्यूबवरचे खाते बळकावले. ते परत मिळेपर्यंत काही दिवस घर काळजीत होते. हे हॉटेल नव्हे, पण घरच्या चवीला गिऱ्हाईक कसे मिळते आणि मोबाईलवरच्या मिळकतीलाही कुलूप का लागते, या दोन्ही गोष्टी त्यात दिसतात.

तिसरे उदाहरण दिल्लीचे आहे आणि ते मी मुद्दाम सांगतो. मालवीय नगरात एक वृद्ध जोडपे 'बाबा का ढाबा' नावाची टपरी चालवत होते. टाळेबंदीनंतर धंदा बसला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या बाबांचा रडतानाचा व्हिडिओ देशभर फिरला आणि दुसऱ्याच दिवशी टपरीपुढे रांग लागली. मदतीचा पैसाही आला. डिसेंबरात त्यांनी टेबल-खुर्च्यांचे मोठे रेस्टॉरंट काढले. भाडे, नोकरांचे पगार आणि वीजबिल मिळून महिन्याचा खर्च लाखाच्या घरात गेला, पण विक्री चाळीस हजारांच्याही आत राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये रेस्टॉरंट बंद झाले आणि बाबा पुन्हा टपरीवर आले.

मंडळी, ही झाली ढगफुटी. एका रात्रीत चार इंच पाऊस पडला म्हणून विहीर भरत नाही. पाणी वाहून जाते आणि जाताना वरची सुपीक माती घेऊन जाते. पीक वाढते ते ठिबकवर, थेंब थेंब, मुळापाशी आणि रोज. हॉटेलाच्या जाहिरातीचेही तसेच आहे.

आधी हिशेब, मग मोबाईल

जमिनीत किती पाणी मुरते हे कळल्याशिवाय आपण ठिबक बसवत नाही. तसे आपल्या स्वयंपाकघराची ताकद किती, हे आधी काढा. एक नमुना देतो. आकडे तुमचे तुम्ही घाला.

समजा थाळी १६० रुपयांची आहे. त्यात पीठ, भाजी, तेल, मसाला मिळून ७० रुपये आणि सरपण, गॅस, पत्रावळ यांचे १० रुपये. म्हणजे थाळीमागे ८० रुपये हाती उरतात. आता महिन्याचा ठरलेला खर्च पाहू. दोन कामकऱ्यांचे २४,००० रुपये, कर्जाचा हप्ता १२,०००, वीजबिल ४,००० आणि किरकोळ ५,०००, असे एकूण ४५,००० रुपये. ४५,००० ला ८० ने भागले की ५६३ थाळ्या होतात. महिन्याला २६ दिवस हॉटेल चालले तर रोज २२ थाळ्या विकल्यावर नुकसान थांबते.

पण थांबा. या हिशेबात घरच्या दोघांची मजुरी कुठे आहे? नवरा-बायको पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत राबतात. दोघांचे महिन्याला ३०,००० धरले तर खर्च ७५,००० होतो आणि रोज ३६ थाळ्या विकाव्या लागतात. म्हणजे २२ थाळ्यांवर हॉटेल जगते आणि ३६ थाळ्यांवर घर जगते. या दोन आकड्यांतला फरक न पाहिल्यामुळे वर्षभर गर्दी असूनही घरात पैसा दिसत नाही.

आता उलट बाजू पाहा. तुमच्या चुलीवर दुपारच्या दोन तासांत जास्तीत जास्त किती थाळ्या चांगल्या होतात? समजा ६० होतात. मग २०० माणसे आणणारी रील तुमच्या कामाची नाही. ६० जण जेवतील आणि १४० जण उपाशी परत जातील. ते गप्प जाणार नाहीत, तर मोबाईलवर लिहून जातील. म्हणून जाहिरात चुलीच्या मापाने करा.

गिऱ्हाईक कोणते, ते ओळखा

प्रत्येक पिकाचा हंगाम वेगळा असतो. बिडकीनच्या रस्त्यावर मला तीन तऱ्हेची गिऱ्हाइके दिसतात.

पहिले कामावरचे माणूस. कारखान्यातला कामगार, बांधकामावरचा मुकादम, मालमोटारीचा ड्रायव्हर. त्याला अर्ध्या तासात पोटभर आणि बेताच्या दरात जेवण हवे. तो रील पाहून येत नाही. त्याला हवा असतो 'आज भाजी कोणती, भाव किती' एवढा निरोप. तोही दुपारी नव्हे, सकाळी दहाच्या आत. हे गिऱ्हाईक रोजचे आहे. तुमच्या २२ थाळ्या त्याच्याकडून निघाल्या पाहिजेत.

दुसरे वाटसरू. पैठणला नाथांच्या दर्शनाला, जायकवाडीच्या नाथसागरावर किंवा नाथषष्ठीच्या यात्रेला निघालेली मंडळी. ही गाडीत बसूनच मोबाईलच्या नकाशावर 'जवळचे जेवण' असे शोधतात. त्यांना गाडी लावायला जागा आणि बायामाणसांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हवे.

तिसरे शहरातले कुटुंब. संभाजीनगर इथून वीस-पंचवीस किलोमीटर. रविवारी मुलाबाळांना घेऊन झाडाखाली बसायला, बाजरीची भाकरी, ठेचा, येसर आमटी खायला किंवा थंडीत हुरड्याला हे लोक येतात. रील, फोटो आणि फेसबुक यांचे खरे काम इथे आहे. पण हे गिऱ्हाईक आठवड्याला एक-दोन दिवसांचे आणि हंगामी. त्याच्या भरवशावर महिन्याचा हप्ता ठरवू नका.

फुकटातली दोन साधने

पैसे खर्च करण्याआधी बिनपैशाची कामे पुरी करा.

पहिले काम गूगलच्या नकाशावर हॉटेलाची नोंद. याला पैसे लागत नाहीत. कोणी 'नोंद करून देतो, अमुक हजार द्या' म्हणाला तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बसवा, ती तासाभरात करील. नाव फलकावर आहे तेच लिहा. खूण बरोबर दारावर ठेवा. ती शंभर मीटर सरकली तरी गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या कपाशीत जाऊन उभे राहते. उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ खरी लिहा. पोळ्याला किंवा लग्नकार्याला हॉटेल बंद असेल तर तेही तिथे लिहा. फोटो टाका तो फलकाचा, गाडी लावायच्या जागेचा, ताटाचा आणि भावाच्या पाटीचा. गूगल पडताळणी मागते, ती पुरी केल्याशिवाय नोंद पक्की होत नाही.

दुसरे काम व्हॉट्सॲपचे. धंद्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस नावाचे वेगळे ॲप आहे, तेही फुकट. त्यात हॉटेलाचा पत्ता, वेळ आणि पदार्थांची भावासह यादी ठेवता येते. हॉटेल बंद असताना आपोआप उत्तरही देता येते. रोजचा भाजीचा निरोप पाठवायला त्यात ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ पर्यंत नंबर बसतात आणि निरोप प्रत्येकाला वेगळा जातो. त्यात एक मेख आहे. ज्याने तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये साठवला आहे, त्यालाच तो पोहोचतो. म्हणून बिल देताना हसतमुखाने विचारा, "दादा, रोजची भाजी कळवू का? नंबर जतन करून ठेवा." नको म्हणणाऱ्याला पाठवू नका. न विचारता कोणाला गटात ओढू नका. सुप्रभात, देवाचे फोटो आणि राजकारण या यादीवर आणू नका. निरोप एवढाच : "आज पिठले, वांग्याचे भरीत, बाजरीची भाकरी, ताक. थाळी १६० रुपये. साडेअकरा ते अडीच."

रील कशी करावी

रील करायला महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ किंवा अंगणात, मोबाईल उभा धरून वीस-तीस सेकंदांचे चित्रण पुरे. तव्यावर टम्म फुगणारी भाकरी, पाट्यावर वाटला जाणारा ठेचा, शेतातून खुडून आणलेली मेथी दाखवा. शहरातल्या माणसाला हेच पाहायचे असते आणि हेच तुमच्याकडे खरे आहे. एका रीलमध्ये एकच पदार्थ घ्या. पहिल्या तीन सेकंदांत तो दिसला पाहिजे. शेवटी गाव, रस्ता, भाव आणि वेळ सांगा. 'आमच्या हॉटेलात या' असे दहा वेळा म्हणण्यापेक्षा 'बिडकीन, पैठण रस्ता, थाळी १६०' हे एकदा म्हटलेले बरे.

आठवड्याला दोन रील करा, पण नेमाने. पहिल्या महिन्यात पाहणारे थोडे असतील. पेरल्या दिवशी कोणी कणीस मागत नाही.

काय दाखवू नये, तेही ऐका. जेवणाऱ्या गिऱ्हाइकाचा, विशेषतः बायका-मुलांचा, चेहरा विचारल्याशिवाय टिपू नका. जे ताट रोज देऊ शकत नाही ते रीलमध्ये सजवू नका. रीलमध्ये तुपाची धार आणि ताटात डालडा, ही फसवणूक आहे आणि दिशाभूल करणारी जाहिरात हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोषही आहे. दुसऱ्याचे फोटो उचलून आपले म्हणून लावू नका.

काही मंडळी येऊन म्हणतात, "माझे लाखभर चाहते आहेत, दहा हजार द्या, तुमची रील करतो." नाही म्हणू नका, हो म्हणू नका, आधी भागाकार करा. १०,००० भागिले ८० म्हणजे १२५ थाळ्या. त्याच्या रीलमुळे १२५ थाळ्या जास्तीच्या विकल्या तर तुमचे पैसे नुसते परत आले. त्याचे चाहते पुणे-मुंबईचे असतील तर ते जेवायला बिडकीनला येणार आहेत का, हे विचारा. आणि पैसे घेऊन केलेली स्तुती ही जाहिरात आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचना काढल्या आहेत. 'एक रुपयात थाळी' यासारख्या युक्त्यांनी रांग लागते, पण ती रुपयाची रांग असते. दुसऱ्या दिवशी ती दुसरीकडे जाते.

त्यापेक्षा फेसबुक-इन्स्टाग्रामवर थोडक्यात जाहिरात देता येते. गाव निवडून त्याभोवती ठराविक किलोमीटरच्या आतल्या लोकांनाच ती दाखवता येते. रोजचा खर्च आपण ठरवायचा आणि हवा तेव्हा बंद करायचा. समजा बुधवार ते शनिवार रोज १५० रुपये घातले, तर आठवड्याला ६०० झाले. त्यासाठी रविवारी आठ थाळ्या जास्त विकल्या गेल्या पाहिजेत. विकल्या तर चालू ठेवा, नाही तर बंद करा. यालाच मी ठिबक म्हणतो.

चाचणीचा वाफा

नवे वाण आले की आपण सगळे रान त्याखाली घालत नाही. एक वाफा लावून पाहतो. गल्ल्याजवळ शंभर पानी वही ठेवा आणि पाच रकाने आखा : नकाशा, व्हॉट्सॲप, रील, फलक, ओळख. बिल देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारा, "आमचे नाव कुठून कळले?" आणि त्या रकान्यात रेघ मारा. सहावा रकाना 'पुन्हा आले' असा ठेवा. महिनाअखेर रेघा मोजा. मोबाईलवर किती हजारांनी पाहिले, हा आकडा मनाला सुखवतो. पण घर चालते ते सहाव्या रकान्यावर. तो रकाना रिकामा असेल तर दोष मोबाईलचा नाही, पातेल्याचा आहे. तेव्हा रील थांबवा आणि भाजीचे मीठ-तिखट पाहा.

हुरड्याची जाहिरात रानात सुरू होते

आपल्या भागात शहरातले कुटुंब येते ते मुख्यतः हुरड्याला. इथे माझा पेशा कामाला येतो. हुरड्याची जाहिरात डिसेंबरात मोबाईलवर सुरू होत नाही, ती सप्टेंबरात रानात सुरू होते. हुरड्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी वसंत' आणि राहुरीचा 'फुले मधुर' असे खास वाण आहेत. गुळभेंडी, सुरती हे जुने प्रकारही लोकांना आवडतात. पेरणीपासून साधारण तीन महिन्यांनी दाणा दुधातून घट्ट होऊ लागतो, तेव्हा खरा हुरडा. ती अवस्था फार दिवस टिकत नाही. सगळे रान एकाच दिवशी पेरले तर आठवडाभर हुरडा आणि पुढे ज्वारी. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन-चार तुकडे पेरा. मग डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत दर रविवारी एक तुकडा हुरड्यावर येतो.

कणीस हातात चोळून पाहिल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. थंडी-ढगाळीने चार दिवस मागे-पुढे होतात. एका आगटीवर किती माणसांना गरम हुरडा मिळतो, ते मोजा. तेवढ्याच जागा व्हॉट्सॲपवर नोंदवा. भरल्या की 'या रविवारच्या जागा भरल्या, पुढचा रविवार खुला' असे लिहा. नाही म्हणायला घाबरू नका. जागा भरल्याचे वाचून पुढच्या रविवारची नोंद लवकर होते. शेतावर राहण्याची सोय करायची असेल तर राज्य शासनाचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे आणि नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. तीही करून घ्या.

वाईट अभिप्राय आला तर

नकाशावर कोणी लिहिले, 'भाकरी गार होती, एक तास बसवले', तर रागावून भांडू नका. नातलगांकडून खोटे गोड अभिप्रायही लिहून घेऊ नका, वाचणाऱ्याला ते चटकन कळतात. त्याच दिवशी उत्तर द्या : "ताई, रविवारी गर्दीत उशीर झाला, क्षमस्व. आता एका वेळी साठच पाने बसवतो. पुन्हा या." हे उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा उद्या येऊ पाहणाऱ्या शंभर जणांसाठी असते. आणि लिहिलेले खरे असेल तर ते आधी सुधारा. फुकटात मिळालेला तो सल्ला आहे.

कागदपत्रे आणि भामटे

अन्नाचा धंदा म्हटला की २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना हवाच. उलाढालीप्रमाणे कोणते ते ठरते. अर्ज ऑनलाईन होतो. मिळालेला चौदा आकडी क्रमांक दर्शनी भागात लावा, बिलावर छापा. मोबाईलवर नाव झाले की तपासणाऱ्याच्याही डोळ्यात नाव भरते, हे ध्यानात ठेवा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासून घ्या. एका रविवारी जुलाब झाले तर दोन वर्षांच्या रील धुऊन जातील.

भामट्यांची एक ठरलेली चाल आहे. फोन येतो, "मी सैन्यातला अधिकारी, पन्नास थाळ्या हव्यात, आगाऊ पैसे पाठवतो." मग तो चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, "स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." पक्के लक्षात ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. तसे झालेच तर क्षणही न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा, कारण जितकी लवकर तक्रार तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त. 'आपली आजी'चे खाते जसे बळकावले गेले तसे आपले होऊ नये म्हणून प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी लावा आणि ओटीपी कोणालाही सांगू नका.

चूल जिची, नाव तिचे

शेवटी एक गोष्ट घरातल्या पुरुष मंडळींना सांगतो. रीलमध्ये भाकरी थापणारा हात कारभारणीचा किंवा सुनेचा असतो. लोक येतात ते त्या हाताच्या चवीला. मग अन्नाची नोंदणी, बँकेचे खाते आणि मोबाईलवरचे खाते यांत तिचे नाव का नसावे? वर पाहिलेल्या हिशेबात तिची मजुरी धरा आणि ती महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात टाका. तिला चित्रणात यायचे नसेल तर नुसते हात दाखवा, तेवढे पुरते. आणि पहाटेपासून राबणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस चूल बंद ठेवून विसावा द्या. म्हणूनच वरच्या हिशेबात महिन्याचे दिवस २६ धरले आहेत.

महिन्याभराचे काम

ज्यांचे हॉटेल सुरू आहे त्यांनी पुढचे चार आठवडे असे वापरावेत. पहिल्या आठवड्यात थाळीचा हिशेब काढा आणि आपले दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा. दुसऱ्या आठवड्यात नकाशाची नोंद आणि व्हॉट्सॲपची यादी पुरी करा. तिसऱ्या आठवड्यात दोन रील करा आणि वही सुरू करा. चौथ्या आठवड्यात रेघा मोजा. पैसे देऊन जाहिरात करायची की नाही, हे त्यानंतर ठरवा.

आणि ज्यांनी अजून हॉटेल टाकलेले नाही, मोबदला बँकेत आहे आणि मुलगा मागे लागला आहे, त्यांनी त्याचा हिरमोड करू नये. त्याला म्हणावे, आधी घरच्या चुलीवर वीस डबे करून कामावरच्या माणसांना तीन महिने पोहोचव. डब्यालाही अन्नाची नोंदणी लागते, ती करून घे. भाजीचा निरोप रोज सकाळी पाठव. वीसचे चाळीस झाले आणि सहावा रकाना भरत गेला, तर शेड टाकू. नाही झाले, तर गेले ते थोडे पीठ आणि मीठ. मोबदल्याची रक्कम बँकेत तशीच राहील आणि मुलाला धंद्याचा अनुभव मिळालेला असेल.